सात नंबर

शुक्रवारी रात्री जेवणं आटोपल्यावर लेक सोफ्यावर आडवी होऊन मोबाइलवर जुने सामने बघत होती. तेरा वर्षांची आहे. गेल्या जूनपासून शाळेच्या मुलींच्या संघात फुटबॉल खेळते, तेव्हापासून दाराशी चिखलाने माखलेले स्टड्स आणि बाल्कनीत कधीच पुरते न वाळणारे लांब मोजे घरात कायमचे मुक्कामाला आलेत. मी ओटा पुसत होते. तिने हाक मारली, "आई, ही वर्ल्ड कप फायनल तू बघितली होतीस ना? अठ्ठ्याण्णवची?" हात पुसत मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तळहाताएवढ्या पडद्यावर पॅरिसचं ते मैदान, निळ्या जर्सींची गर्दी, आणि त्या गर्दीच्या मधोमध सोन्याचा कप दोन्ही हातांनी उंच धरलेला एक बुटकेला माणूस. "हा कोण?" "दिदिए देशाँ. फ्रान्सचा कॅप्टन." "याने काय केलं होतं?" मी आठवून पाहिलं. काहीच सापडेना, म्हणून सहज बोलून गेले, "विशेष काही नाही गं. हा पाणी भरायचा. गोल झिदानने मारले."

ती "अच्छा" म्हणाली आणि मोबाइल पालथा ठेवून झोपायला गेली.

ओटा पुसून झाला, दूध विरजून झालं, दिवे मालवले, तरी ते "अच्छा" कानातून जाईना. अंथरुणावर पडल्यावर उजेड पडला. तिचे सर तिला मैदानात उभं करतात ते बचावफळीच्या बरोबर पुढे, मधोमध. समोरच्याचा बॉल अडवायचा, जवळच्या मुलीला द्यायचा, आणि कुणी पुढे धावली की तिची मोकळी जागा धरायची. आख्ख्या मोसमात तिच्या नावावर एकही गोल नाही. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सामन्यांचे फोटो येतात त्यात ती असलीच तर कडेला, अर्धी कापली गेलेली. तिने तो कप उचलणारा माणूस का विचारला होता ते मला तेव्हा कळलं. त्याच जागेवर खेळणारं कुणीतरी जगज्जेतं झालं होतं, आणि तिला त्याची गोष्ट ऐकायची होती. मी ती एका वाक्यात संपवली.

ते वाक्य माझं स्वतःचंही नव्हतं. ते एरिक कँटोनाचं, फ्रान्सच्याच एका नामांकित खेळाडूचं. नव्वदच्या दशकात त्याने देशाँबद्दल म्हटलं होतं की हा माणूस अंगातलं सगळं देतो म्हणून निभावून जातो, पण पाणी भरणाऱ्यापलीकडे तो कधी काही होणार नाही. असले खेळाडू रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. फ्रेंचांकडे हा शब्द आला सायकल शर्यतींतून. तिथे 'पोर्तर दो' म्हणजे संघातला राबता गडी. प्रत्येक संघाचा एक नायक असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी पाय मोडतात. वेग कमी करत मागे संघाच्या मोटारीपर्यंत यायचं, पाण्याच्या बाटल्या जर्सीच्या खिशांत कोंबायच्या, एवढं ओझं घेऊन पुन्हा दम लावून घोळका गाठायचा आणि नायकाच्या हातात बाटली द्यायची. वारा सुटला की त्याच्या पुढे होऊन आडोसा धरायचा. शेवटची रेषा ओलांडताना फोटो निघतो तो नायकाचा. देशाँने त्यावर कँटोनाला उत्तर दिलं होतं. दोन युरोपियन कप जिंकलेले खेळाडू कोपऱ्यावर किती सापडतात, अशा अर्थाचं. त्याने ते क्लबकडून जिंकले होते, १९९३ चा मार्सेकडून आणि १९९६ चा युव्हेंटसकडून. उत्तर बिनतोड होतं, पण माणसांच्या लक्षात कँटोनाचाच शब्द राहिला. माझ्याही राहिला.

त्या फायनलच्या रात्री आम्ही डोंबिवलीच्या चाळीत होतो. तिकडे १२ जुलै, आपल्याकडे बारा उलटून गेलेले. सामना साडेबाराला सुरू झाला. समोरच्यांकडे मोठा टीव्ही होता, तिथे वीसेक माणसं दाटीवाटीने बसलेली. बाहेर पत्र्यावर पावसाचा ताशा, आत ओल्या छत्र्यांचा आणि कांदाभज्यांचा वास, आणि आवाज बारीक ठेवा म्हणून दर दहा मिनिटांनी पलीकडून भिंतीवर थाप. मी कॉलेजात होते. सगळी चाळ ब्राझीलच्या बाजूची, पण फ्रान्सच्या बचावात मार्सेल देसाई होता. फ्रेंच उच्चार अगदी आपल्या देसायांसारखा, त्यामुळे त्याच्या पायात बॉल आला की निम्मी खोली "आला देसाई!" म्हणून ओरडायची. झिदानची दोन डोकी आठवतात, दोन्ही कॉर्नरवरून. शेवटी शेवटी पेतीचा डाव्या पायाचा गोल आठवतो. देसाईला लाल कार्ड मिळालं तेव्हा खोलीतून निघालेला "अरेरे" आठवतो. रोनाल्डोचा तो हरवलेला चेहरा आठवतो. देशाँ नव्वद मिनिटं त्याच पडद्यावर होता आणि माझ्याकडे त्याचं एकही चित्र नाही. थेट कप उचलतानाचंच आहे.

सामना संपून कप देऊन होईपर्यंत अडीच-पावणेतीन झाले. आम्ही डोळे चोळत घरी आलो तर काका जागे होते. त्यांना फुटबॉलमध्ये रस नव्हता. पहाटे चारला पाणी यायचं, तळमजल्यावर नळ एक आणि बिऱ्हाडं बावीस. चारला रांगेत उभं राहिलं तर साडेपाचपर्यंत आपली दोन पिंपं, मोरीतला हंडा आणि पिण्याची कळशी भरायची. काका रोज उठायचे. दोन्ही हातांत बादल्या, खांद्यावर टॉवेल, लाकडी जिन्याच्या तेरा पायऱ्या, आणि प्रत्येक खेपेला शेवटच्या पायरीशी एक छोटा हुंकार. त्या रात्री ते झोपलेच नव्हते, कारण झोपलो तर उठणार नाही अशी त्यांना धास्ती. मी नऊला उठले तेव्हा पिंपं काठोकाठ भरलेली होती. पाण्याच्या गारव्याने पिंपांच्या पत्र्याला बाहेरून घाम फुटला होता. मी त्यात तांब्या बुडवून तोंड धुतलं आणि काल झिदान कसला खेळला हे आईला सांगत बसले.

पुढे काका गुडघ्यांच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले त्या आठवड्यात पहिल्यांदा आमच्या घरी दुपारी बाराला पाणी संपलं.

पैठणच्या श्रीखंड्याची गोष्ट मी काकांच्याच तोंडून ऐकली होती. बारा वर्षं तो नाथांच्या वाड्यात कावडीने पाणी भरत राहिला आणि हा कोण आहे हे खुद्द नाथांना कळलं नाही. कळलं ते तो निघून गेल्यावर. ती गोष्ट ज्या भाषेत ऐकली त्याच भाषेत मी लेकीला "पाणी भरायचा" असं कमी लेखत सांगितलं, हे मला फार लागलं. म्हणून दुसऱ्या रात्री सगळे झोपल्यावर मी ती फायनल पहिल्यापासून लावली, आणि ठरवून फक्त सात नंबरकडे बघितलं.

हे वाटतं त्याहून अवघड आहे. कॅमेरा बॉलमागे धावतो आणि देशाँचं बहुतेक काम बॉल जिथे नसतो तिथे चाललेलं असतं. तो चौकटीच्या कडेला येतो, जातो. लिझाराझु किंवा तुराम पुढे झेपावला की त्याने सोडलेल्या जागेकडे हा दोन पावलं सरकतो. बॉल आला की एक-दोन स्पर्शांत जवळच्या माणसाला देतो, आणि तो जवळचा माणूस बहुतेक वेळा झिदान नाहीतर पेती. हातवारे सतत. इकडे ये, तिकडे बघ, तू त्याला धर. पहिली वीस मिनिटं मला काही दिसेना. तिसाव्या मिनिटानंतर हळूहळू डोळा बसला, अंधाऱ्या खोलीत भांडी दिसू लागावीत तसा. ६८ व्या मिनिटाला देसाई बाहेर गेला. लोराँ ब्लाँ उपांत्य फेरीतल्या लाल कार्डामुळे आधीच बाहेर होता. म्हणजे बचावाचे नेहमीचे दोन्ही मधले खांब गेलेले. पेती मागे सरकून बचावात गेला. समोर रोनाल्डो, रिव्हाल्डो, बेबेतो, शिवाय नव्या दमाचा देनिल्सन. दहा जणांनी बावीस मिनिटांहून जास्त वेळ काढायचा होता. या वेळी मी घड्याळाकडे बघत बसले होते, निकाल सत्तावीस वर्षांपूर्वीचा ठाऊक असूनही. ब्राझीलला गोल करता आला नाही, आणि का करता आला नाही हे सांगणारा एकही तुकडा यूट्यूबवरच्या क्षणचित्रांत नसतो.

मग मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले. बायोन हे फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाचं, बास्क मुलखातलं गाव. तो सगळा रग्बीचा टापू, वडीलही रग्बी खेळलेले. दिदिए १९६८ मधला. चौदा-पंधराव्या वर्षी घर सोडून तो नाँतच्या फुटबॉल प्रबोधिनीत गेला. नाँत म्हणजे फ्रान्समधलं पासिंगचं घराणंच. बॉल यायच्या आधी पुढचं कळलं पाहिजे ही तिथली तालीम. १९८५ मध्ये सतराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर तो पहिल्या संघातून खेळला आणि लवकरच त्याच्या दंडावर कॅप्टनची पट्टी आली. १९८७ च्या डिसेंबरात, ख्रिसमसला चार दिवस राहिलेले असताना, बोर्दोजवळ एक लहान विमान कोसळलं आणि आतले सगळे गेले. त्यात त्याचा थोरला भाऊ फिलिप होता. दिदिए एकोणीस वर्षांचा. या विषयावर तो फार कमी बोलला आहे, आणि मला ते समजतं. आमच्याही घरात असा एक विषय आहे. तो निघू लागला की कुणीतरी उठून चहा टाकतं.

नाँतच्या त्याच प्रबोधिनीत आमचा देसाई होता. दोघं एकाच वर्षी जन्मलेले, एकाच आवारात वाढलेले. देसाईचा सावत्र भाऊ सेथ आदोंकोर नाँतचा खेळाडू होता. तो नोव्हेंबर १९८४ मध्ये मोटार अपघातात गेला. म्हणजे तीन वर्षांच्या अंतराने त्या दोन मुलांनी आपापला थोरला भाऊ गमावला. पुढे दोघं मार्सेत एकत्र, चेल्सीत एकत्र, फ्रान्सच्या संघात एकत्र. चाळीतली ती वीस माणसं "आला देसाई" ओरडत होती तेव्हा त्याच्या दहा-पंधरा पावलं पुढे त्याची जागा राखत सात नंबर उभा होता हे आम्हाला कुठे ठाऊक? देसाई मान खाली घालून बाहेर चालला तेव्हा मागे राहिलेल्याला काय वाटलं असेल, हे मी त्या रात्री पहिल्यांदा मनाशी आणलं. देशाँने २००० मध्ये युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, जिंकून फ्रान्सची जर्सी उतरवली, १०३ सामने आणि अवघे चार गोल, आणि कॅप्टनची पट्टी गेली ती देसाईकडेच.

मार्सेचं १९९३ चं यशही मी नीट आठवत नव्हते. म्युनिकमध्ये मिलानला १-० हरवलं, बासिल बोलीचं डोकं, आणि चोवीस वर्षांचा देशाँ युरोपचा कप उचलणारा कॅप्टन. फ्रेंच क्लबने तो कप पहिल्यांदाच जिंकला. त्या यशाला लगेच गालबोट लागलं. क्लबच्या सामना-निश्चितीचं प्रकरण बाहेर आलं आणि त्या वर्षीचं फ्रेंच लीगचं विजेतेपद काढून घेतलं गेलं. त्याच नोव्हेंबरात पॅरिसमध्ये बल्गेरियाविरुद्ध बरोबरी पुरेशी असताना शेवटच्या मिनिटाला कोस्तादिनोव्हने गोल केला आणि फ्रान्सचा अमेरिकेतला विश्वचषक हुकला. देशाँ त्या संघात होता. प्रशिक्षक म्हणून तो पुढे जो झाला, त्यातलं निम्मं त्या एका मिनिटाने घडवलं असावं, असं मला वाटत राहतं. एक बॉल सांभाळून कोपऱ्यात धरला असता तर चार वर्षांचं काम वाया गेलं नसतं. ज्याने ते मैदानातून पाहिलं तो पुन्हा कधी बेफिकीर खेळ मांडणार नाही.

चेल्सी, व्हॅलेन्सिया करत तो २००१ मध्ये थांबला आणि बत्तिसाव्या वर्षी मोनॅकोचा प्रशिक्षक झाला. तिथून २००४ मध्ये संघ युरोपच्या अंतिम सामन्यात पोचला, वाटेत रेआल माद्रिदला बाहेर काढून. अंतिम सामन्यात मोरिन्योच्या पोर्तोकडून ३-० हरला. हे सगळं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मला जास्त थांबवलं ते २००६ च्या युव्हेंटसने. घोटाळ्यामुळे क्लबला खालच्या श्रेणीत ढकललेलं, वर गुणांची वजाबाकी, जी अपिलांनंतर नऊवर आली. विश्वविजेता गोलरक्षक बुफाँ, देल पिएरो, नेदवेद, त्रेझेगे ही माणसं राहिली. पहिला सामना रिमिनीसारख्या छोट्या गावात, तोही बरोबरीत. त्या घरात कुणी पाहुणा यायला तयार नसताना देशाँ आला, वर्षभर पडझड सावरली, संघाला वरच्या श्रेणीत नेऊन ठेवलं आणि मालकांशी जमेना म्हणून निघून गेला. नंतर मार्सेला त्याने २०१० मध्ये अठरा वर्षांनी फ्रेंच लीग मिळवून दिली. आणि २०१२ च्या उन्हाळ्यात फ्रान्स. २०१० च्या विश्वचषकात, दक्षिण आफ्रिकेत, सरावाला नकार देत बसमधून न उतरणारा तो संघ अजून लोकांच्या डोळ्यांसमोर होता. आपल्याच देशात त्या खेळाडूंना शिव्या पडत होत्या.

त्या काळातला एक सामना मी आता पुन्हा बघितला. नोव्हेंबर २०१३, युक्रेनविरुद्ध. किएव्हमध्ये २-० हार झालेली, चार दिवसांनी पॅरिसला परतीचा सामना, आणि नेमकं वीस वर्षांपूर्वीच्या बल्गेरियाचं भूत दारात. देशाँने संघात बदल केले. पहिला गोल ममादू साखोने केला, तिसराही जमा झाला तो साखोच्याच खात्यावर. साखो हा बचावपटू. ३-० झाल्यावर स्टेडियम आपल्याच संघाला नव्याने भेटल्यासारखं उभं राहिलं. मला त्या सामन्यात देशाँचा स्वभाव सगळ्यात स्पष्ट दिसतो. घर जळत असताना तो आधी पाण्याच्या बादल्या मोजतो.

पण एक गोष्ट मी लपवणार नाही. त्याच्या संघांचा खेळ बघताना माझा जीव कितीदा तरी घुसमटला आहे. एवढी गुणी पोरं, आणि बॉल मागे, आडवा, पुन्हा मागे. २०२४ च्या युरोत फ्रान्स उपांत्य फेरीपर्यंत पोचला तो चालत्या खेळातून स्वतःच्या माणसाने एकही गोल न करता. दोन गोल समोरच्यांनी स्वतःच्या जाळ्यात मारले आणि एक पेनल्टी. कंटाळवाण्या खेळाबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला होता की कंटाळा येत असेल तर दुसरं काही बघा. मला तेव्हा त्याचा रागच आला. मी झिदानच्या पायांसाठी फुटबॉल बघायला शिकले. पहिल्या स्पर्शात बॉल मांजरासारखा निजवणारे ते पाय. सौंदर्य ही चैन आहे असं मानणाऱ्या माणसाशी माझं पटणं कठीण. बेन्झेमाला त्याने साडेपाच वर्षं बाहेर ठेवलं तेव्हाही माझं मन दोन्हीकडे होतं. प्रकरण गंभीर होतं, सहकाऱ्याच्या ब्लॅकमेलचं, आणि संघ एकत्र ठेवायचा तर कुणीतरी कठोर व्हायलाच हवं होतं. तरी इतका सुरेख खेळाडू ऐन उमेदीत विश्वचषकाविना राहिला ही हळहळ जात नाही. त्यावरून २०१६ मध्ये देशाँवर वंशभेदाचे आरोप झाले, ब्रिटनीतल्या त्याच्या घराच्या भिंतीवर कुणीतरी तसा शब्द रंगवला. त्याच महिन्यात घरच्या मैदानावरचा युरो होता. अंतिम सामना पोर्तुगालने जादा वेळेत एका गोलने जिंकला.

दोन वर्षांनी मॉस्को, विश्वचषकाचा अंतिम सामना. त्या संघाकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते. जिरू पुढचा खेळाडू, पण सबंध स्पर्धेत त्याचा एकही फटका गोलजाळ्याच्या रोखाने गेला नाही, तरी देशाँने त्याला हलवलं नाही, कारण त्याच्या खांद्यावर बॉल आपटून एम्बापे आणि ग्रिझमनला वाट मिळत होती. मात्विदी डाव्या कडेला राबत होता. मध्ये काँते, देशाँच्याच जागेवर, देशाँहूनही अबोल. अंतिम सामन्यात काँतेला लवकर पिवळं कार्ड मिळालं आणि सूर लागेना, तेव्हा ५५ व्या मिनिटाला देशाँने त्यालाच बाहेर काढलं. स्वतःसारख्या माणसाला. इथे मात्र माझ्या मनात कसलीही कुरकुर उरली नाही. ४-२ झालं, पाऊस कोसळला, निळ्या कोटातल्या देशाँला पोरांनी हवेत उडवून झेललं. काँते कप हातात घ्यायलाही लाजत होता, दुसऱ्यांनी आणून दिला तेव्हा त्याने धरला.

आणि कतार, २०२२ चा विश्वचषक. काँते जखमी, पोग्बा जखमी, बेन्झेमाही. मधल्या फळीचं पाणी कोण भरणार? देशाँने ते काम ग्रिझमनला दिलं. गोल करणाऱ्या माणसाला. ग्रिझमन मागे आला, बॉल अडवू लागला, धावून धावून जागा भरू लागला, आणि त्या स्पर्धेत तो मला पूर्वी कधी आवडला नव्हता इतका आवडला. अर्जेंटिनाविरुद्धच्या अंतिम सामन्यात दोन गोलांची पिछाडी होताच देशाँ मध्यंतराची वाट बघत थांबला नाही. ४१ व्या मिनिटाला जिरू आणि देम्बेले बाहेर, कोलो मुआनी आणि मार्कुस तुराम आत. तो मार्कुस म्हणजे अठ्ठ्याण्णवला देशाँच्या मागे उभ्या असलेल्या लिलियन तुरामचा मुलगा. पुढे त्याने ग्रिझमनलाही काढलं. सावध म्हणून ज्याच्यावर मी इतकी वर्षं कुरकुरत होते त्याने त्या रात्री सगळं पणाला लावलं. ८० व्या आणि ८१ व्या मिनिटाला एम्बापे, मग जादा वेळ, ३-३, आणि १२३ व्या मिनिटाला कोलो मुआनीचा तो फटका, जो अर्जेंटिनाचा गोलरक्षक मार्तिनेझच्या पसरलेल्या डाव्या पायाला लागला. पेनल्टीत हरले. खेळाडू म्हणून एक, प्रशिक्षक म्हणून दोन विश्वचषक एवढा हिशेब त्या एका पायाने अडवला.

खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी विश्वचषक जिंकलेली माणसं तीनच होती. ब्राझीलचा झगालो, जर्मनीचा बेकेनबाउअर आणि हा. जानेवारी २०२४ मध्ये झगालो गेला आणि दोनच दिवसांनी बेकेनबाउअर. त्या आठवड्यात तो एकटा उरला. पुढच्या जानेवारीत त्याने जाहीर केलं की २०२६ च्या विश्वचषकानंतर आपण फ्रान्सचं काम सोडणार.

काल रविवार. लेकीचा सामना सकाळी आठला होता. मी इतर आयांपासून जरा लांब, कठड्याच्या टोकाला उभी राहिले आणि पूर्ण वेळ फक्त तिच्याकडे बघितलं. गवताला रात्रीच्या पावसाचा वास होता. उत्तरार्धात आमची डावी बॅक बॉल घेऊन सुसाट पुढे गेली, सगळ्या आया तिच्या नावाने ओरडू लागल्या, आणि माझी लेक वळून शांतपणे त्या बॅकच्या मोकळ्या जागेवर जाऊन उभी राहिली. बॉल तिकडे आलाच नाही. अर्ध्या मिनिटाने बॅक परतली, ही आपल्या जागेवर गेली. सामना १-१ सुटला.

घरी आल्यावर मोजे धुता धुता मी तिला ते सांगितलं. "तू तिकडे बघत होतीस?" एवढंच तिने विचारलं, आणि न्हाणीघराच्या दारात ओल्या पायांनी उभी राहिली. मग मीच म्हणाले, परवाची मॅच लाव. आम्ही दोघी पलंगावर मोबाइल मध्ये धरून बसलो. मी म्हटलं, सात नंबरकडे बघ, बाकी काही बघू नकोस. ती नाक पडद्याला लावून बघू लागली. "हा सारखा मान वळवून मागे बघतो." पाच मिनिटं गेली. "सर मला हेच सांगतात." मग ती बोटांवर मोजू लागली, किती वेळा मान वळली ते, आणि पडदा लहान असल्यामुळे आकडा सारखा चुकत होता. पेतीने उजवीकडून कॉर्नर घेतला, झिदान उडाला, बॉल जाळ्यात. निळी माणसं त्याच्यामागे धावली, कॅमेरा त्याच्यामागे धावला, स्टेडियम गरजलं.

"थांब, थांब, मागे घे," ती म्हणाली. "सात नंबर कुठे गेला?"